ईस्टरच्या आधी

खिडकीपलीकडच्या माणसाला कमलाक्षीने मान वर न करताच विचारलं, "कसला दाखला?" तो म्हणाला, "दाखलो नाका, बाये. माफी जाय." पेडण्याच्या त्या सरकारी कचेरीत तिची चौदा वर्षं गेली होती. माफी म्हटल्यावर तिला एकच अर्थ सुचला, फीमाफीचा. हातातल्या अर्जावर शिक्का मारत ती म्हणाली, "माफीचे अर्ज बाजूच्या खिडकीवर." माणूस हलला नाही. मागच्या रांगेतल्या कुणीतरी त्याला, "अरे, तिकडे वच मरे," असं सांगितलं, तरीही नाही. मग तो काचेच्या भोकाशी तोंड आणून हळू आवाजात म्हणाला, "हांव इनास. अस्नोड्याचो पोदेर." तेव्हा कुठे तिने वर पाहिलं. शिक्का तिच्या हातातच राहिला. पावाची भट्टी चालवणारा, पहाटे सायकलच्या भोंग्यावर गाव उठवणारा हा माणूस तिने शेवटचा पाहिला तो डिचोलीच्या कोर्टात. तेव्हा त्याचे दंड कणीक मळून मळून मांडीएवढे झालेले होते. आता खिडकीत उभा होता तो एक वाळलेला म्हातारा. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल, हातात कसलातरी कोरा फॉर्म, घाम लागून मऊ झालेला. चेहरा तिने कदाचित ओळखला नसता. आवाज ओळखला. सोळा वर्षं तो आवाज तिच्या कानात कोर्टातल्या साक्षीची दोन वाक्यं बोलत आला होता: स्कूटरवाला डुलत डुलत येत होता. त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता.

तिच्या शेजारच्या टेबलावर सोनाली सुट्ट्यांवरून कुरकुरत होती. उद्या गुड फ्रायडे म्हणून सुट्टी, पण ईस्टर मात्र दर वर्षी मेला रविवारीच येतो, म्हणजे एक सुट्टी फुकट. "त्यांच्या देवाला सोमवारी उठायला काय झालं होतं!" सोनाली म्हणाली आणि स्वतःच हसली. एरवी कमलाक्षीही हसली असती. ईस्टरबद्दल तिला यापेक्षा जास्त कधी काही वाटलं नव्हतं. इनास मात्र काचेपलीकडून सांगत होता की पादरी म्हणतो, देवाने माफ केलं, पण जिचं वाईट केलंस तिच्या दारात जा. आणि जायचं तर ईस्टरच्या आधी. "सोळा ईस्टर जालीं, बाये, हांव कुमगार घेना. सगळे फुडें वतात, पादरी जिबेर पोळी दवरता. हांव मागल्या बाकार बसतां." गावभर पाव वाटणाऱ्या माणसाला चर्चमधली कुमगाराची, प्रसादाची, एवढीशी पोळी सोळा वर्षं मिळालेली नाही, हे ऐकून कमलाक्षीच्या पोटात काहीतरी गोड हललं. भूक लागल्यावर अन्नाचा वास यावा तसं. तिने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं, चष्मा नीट केला आणि चांगल्या, स्वच्छ, कचेरीतल्या मराठीत म्हणाली, "आज सर्व्हर डाऊन आहे. उद्या सुट्टी. सोमवारी या."

"सोमारा उपेग ना, बाये. ईस्टर आयतारा."

"तुमच्या ईस्टरची तारीख मी ठरवलेली नाही. पुढचा कोण?"

तो रांगेतून बाजूला झाला, पण गेला नाही. भिंतीशी लोखंडी बाक होता तिथे बसून राहिला. पाणी प्यायला उठला नाही, लघवीला उठला नाही. कमलाक्षी दाखले देत राहिली आणि मधून मधून त्याच्याकडे बघत राहिली. त्या दुपारचा एकेक तास तिला सुपारीसारखा चघळावासा वाटला. पाच वाजता ती पर्स घेऊन निघाली तेव्हा तो अंगणातल्या स्कूटरांपाशी तिच्या मागोमाग आला. ती थांबली, म्हणाली, "बोला. दोन मिनिटं." त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. जयराम, तिचा नवरा, प्यालेला नव्हता. तो आपल्या बाजूनेच येत होता. खनिजाचा ट्रक वळणावर अंगावर आला. इनास पावाची सायकल घेऊन तिथंच होता, त्याने सगळं पाहिलं. पण त्याची भट्टी ट्रकवाल्याच्या जागेत होती. "तो म्हणालो, कोर्टांत अशें सांग, ना जाल्यार फाल्यां भट्टी मोडटां. हांव भियेलों."

"एवढंच?" कमलाक्षीने विचारलं.

"इतलेंच."

हे एवढंच तिला पेलेना. सोळा वर्षं तिने या माणसासाठी मोठी मोठी कारणं रचली होती; कधी जयरामशी जुनं वैर, कधी धर्माचा राग, कधी निव्वळ राक्षसपणा. राक्षसाचा सूड घेता येतो. भ्यालेल्या पोदेराचा काय घ्यायचा? तिने स्कूटर सुरू केली. इनासने पुढे होऊन तो कोरा फॉर्म तिच्या पर्सच्या कप्प्यात खुपसला. पाठीमागे त्याने फोन नंबर लिहून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती आणि करायला काही नव्हतं. कमलाक्षीचा फ्लॅट पेडण्याच्या बाजारामागे, दुसऱ्या मजल्यावर. खालून म्हापशाच्या बसवाल्यांची ओरड येत राही, ती आज नव्हती. ती सकाळपासून एकाच खुर्चीत बसून राहिली आणि मनाने सासरच्या शिरगावात फिरत राहिली. जयराम लईराईचा धोंड होता. देवीच्या जत्रेआधी पाच दिवस कडक व्रत पाळायचं, घर सोडून इतर धोंडांबरोबर तळ्याकाठच्या मांडवात राहायचं, तिथेच रांधायचं, आणि जत्रेच्या पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून अनवाणी चालत जायचं. बाराव्या वर्षापासून तो चालत होता. लग्नानंतर पहिल्या जत्रेला ती त्याचे तळवे बघत बसली होती, कुठे फोड दिसतो का म्हणून, आणि तो हसत म्हणाला होता, "तुझ्या स्वयंपाकघरातला तवा जास्त भाजतो." तो गेला त्या वर्षी व्रताच्या तिसऱ्या दिवशी मांडवातले तांदूळ संपले म्हणून तो स्कूटर घेऊन बाहेर पडला. सोवळं नेसलेला होता. गळ्यात मोगऱ्याचा हार होता. जत्रा काही थांबली नाही. देवीची जत्रा कुणासाठी थांबत नाही. ज्या पहाटे धोंड निखाऱ्यांवरून गेले त्याच दिवशी घरच्यांनी त्याची राख गोळा केली. इनासच्या लोकांचा देव म्हणे तिसऱ्या दिवशी उठून उभा राहिला. जयराम तिसऱ्या दिवशी एका तांब्याच्या कलशात मावला.

पण मरण तिने सोसलं असतं. ट्रकखाली त्या वर्षांत किती माणसं गेली. लाल धुळीत माखलेले ट्रक एकामागे एक, मुरगावच्या बंदरापर्यंत मुंग्यांची रांग. बायका विधवा झाल्या आणि तरी आपल्या घरात राहिल्या, नवऱ्याचं नाव घेऊन रडल्या. तिला रडायचीही चोरी झाली. इनासची साक्ष झाली आणि गावात कुणी मोठ्याने काही बोललं नाही, फक्त विहिरीवर बायका गप्प झाल्या. व्रतात दारू प्यायला; म्हणून देवीने नेला. सासू, देवकी, तिने तर तेवढ्यावरही ठेवलं नाही. धोंडाचा वेत, रंगीत लोकरीचे गोंडे लावलेला, जो जयरामने चोवीस वर्षं हातात धरला होता, तो तिने देवाच्या खोलीतून काढून गोठ्याच्या आढ्यात खोचला. आणि सगळ्यांसमोर कमलाक्षीला म्हणाली, "बायलेन बरें वागयल्यार घोव सोऱ्याक लागना." बायकोने नीट वागवलं तर नवरा दारूला लागत नाही. तेरा वर्षांच्या प्राजक्ताचा हात धरून कमलाक्षीने ते घर सोडलं, बदली मागून पेडण्याला आली. त्यानंतर एकदाही तिने पोदेराकडचा पाव घेतला नाही. सकाळी भोंगा वाजला की खिडकी लावून घ्यायची. मुलगी दुकानातला प्लास्टिकच्या पिशवीतला स्लाइस खात मोठी झाली आणि गोव्यात जन्मून उंड्याची, पोदेराच्या गोल पावाची, चव मैत्रिणीच्या घरी शिकली.

तीच प्राजक्ता शनिवारी सकाळी मांद्र्याहून फोनवर विचारत होती, "उद्या येतेस ना, आई? ऑफिसचे सगळे आहेत. समुद्राला लागून हॉटेल आहे, ईस्टर ब्रंच." कमलाक्षीने विचारलं, ईस्टरला नक्की काय असतं? "चॉकलेटची अंडी शोधायची. एक माणूस सशाचा पोशाख घालून फिरतो. मग जेवण."

"सशाचा काय संबंध?"

"कुणाला ठाऊक, आई. असतो."

"आणि तुमच्यात ख्रिस्तांव किती?"

"एक जुलियाना. ती येत नाहीये, तिला घरच्या चर्चमध्ये आईबरोबर मिसेला जायचंय." प्राजक्ता हसली. "बरंच झालं, नाहीतर तिने आम्हाला प्रार्थना करायला लावली असती." कमलाक्षीने फोन ठेवला. तिच्या डोळ्यांसमोर हॉटेलच्या लॉनवर शेपूट लावून फिरणारा माणूस आला आणि मागल्या बाकावर बसलेला इनास आला, आणि तिला कळलं की या सगळ्या गर्दीत, मुलीच्या ऑफिसात, कचेरीत, हॉटेलात, ईस्टरची खरी धास्ती घेतलेले दोघेच आहेत. एक तो आणि दुसरी ती. त्याच्या जिभेवरची पोळी आता तिच्या मुठीत होती. मूठ उघडायची नाही, एवढं तर ठरलेलंच होतं. पण नुसती मिटलेली मूठ घेऊन काय करायचं? तिला दात आठवले, सासूचे, "सोऱ्याक लागना" म्हणताना दिसलेले. इनासला मारून काय मिळणार, तो मेलेलाच होता. त्याला दगडासारखा उचलून फेकता मात्र येत होता. कमलाक्षीने पर्समधला फॉर्म काढला आणि नंबर फिरवला.

"उद्या सकाळी आठ वाजता शिरगावात या. जयरामच्या घरी. जे मला सांगितलंत ते माझ्या सासूसमोर, चार माणसांसमोर सांगा."

"आठांक मीस आसता, बाये. आमच्या कोपेलांत एकूच मीस, ईस्टराचें."

"ठाऊक आहे," कमलाक्षी म्हणाली. त्याच्या चर्चमधलं ईस्टरचं एकुलतं मीस आठलाच असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. पण ऐकताक्षणी वाटलं, आपल्याला हे ठाऊकच होतं, म्हणूनच आपण आठ म्हणालो.

"नवांक येवं?"

"आठ. नाहीतर येऊ नका."

"येतां," इनास म्हणाला.

रविवारी ती स्कूटरवरून एकटीच निघाली. म्हापशापर्यंत रस्त्याला पांढऱ्या फ्रॉकमधल्या मुली, कोटातले बापे, इस्त्रीचे कपडे सांभाळत चर्चकडे चाललेले. तिने त्यांच्याकडे नेहमी बघतात तसं बघितलं, सणाच्या दिवशी दुसऱ्याच्या घरात डोकावावं तसं. मग वाटलं, यांच्यातलाही कुणीतरी कुणाच्या तरी दारात जाऊन आला असेल का, की सगळे नुसते कपडे घालून चाललेत? ती शिरगावच्या फाट्याला वळली. खाणी बंद होऊन वर्षं झाली होती, तरी झाडांच्या बुंध्यांना कमरेएवढा लाल रंग तसाच होता. ज्या वळणावर ते घडलं तिथे आता टायर पंक्चर काढणाऱ्याची टपरी होती. ती थांबली नाही.

इनास तिच्याआधी येऊन उभा होता. दाराबाहेर, फणसाखाली, काळ्या कोटात. तो कोट बहुधा लग्नातला असावा. खांद्यांवरून ओघळत होता. दाढी केली होती, हनुवटीला कापलं होतं. त्याने हात जोडले. तिने बघितलं न बघितल्यासारखं केलं. धाकटा दीर श्रीनाथ बाहेर आला, वहिनीला पाहून गोंधळला, "या या, बसा," म्हणता म्हणता खुर्ची आणायला धावला. घर बदललं होतं. स्लॅब, फरशी, भिंतीवर मोठा टीव्ही. देवीची तसबीर मात्र तिथेच, आणि तिच्यासमोर प्लास्टिकच्या आरामखुर्चीत देवकी. म्हातारी चौऱ्याऐंशीची, पाय सुजलेले, पण डोळे तेच. "कोण गो ती?" तिने विचारलं, आणि उत्तर मिळायच्या आत स्वतःच म्हणाली, "कमल." कमलाक्षीने श्रीनाथला सांगितलं, शेजारच्या चौघांना बोलाव. का, असं त्याने विचारलं नाही; तिच्या आवाजात विचारण्यासारखी जागा नव्हती. दोघे धोंड आले, जत्रेला पंधरवडा उरलेला, मांडवाच्या कामाला निघालेले. शेजारीण आली, श्रीनाथची बायको दारात टेकली. कमलाक्षी मधोमध उभी राहिली. हा क्षण तिने इतक्या वेळा उभा केला होता की आता प्रत्यक्षात तो जरा तोकडा वाटत होता. ती इनासला म्हणाली, "सांगा."

त्याने सांगितलं. घाई केली नाही, रडला नाही, देवाचं नाव घेतलं नाही. ट्रक कुठून आला, जयराम कुठे होता, आपण किती पावलांवर होतो, सगळं. "फट, खोटें उलयलों हांव. तो पिलेलो नासलो. हांवें ताचें तकलें मांडयेर घेतलें. ताच्या तोंडाक वास ना आसलो. मोगऱ्यांचो वास आसलो, हाराचो." आणि मग थोडं थांबून, "माका म्हणालो, हार मातयेक लागूंक दिवं नाका. हांवें काडून सायकलीर दवरलो."

हे त्याने तिला अंगणात सांगितलं नव्हतं. हार जमिनीला लागू देऊ नको. एका धोंडाने डोळ्यांना पदर लावावा तसा गळ्यातला पंचा लावला. श्रीनाथ म्हणाला, "आणि हें आतां सांगतां? सोळा वर्सांनी?" पण त्याच्या आवाजात राग येता येता पाझरून गेला. कमलाक्षी कुणाकडेच बघत नव्हती. ती सासूच्या तोंडाकडे बघत होती. आता फुटेल. आता हात जोडेल. आता म्हणेल, कमल, माझं चुकलं. आणि मग आपण काय म्हणायचं ते तिच्याकडे सोळा वर्षं तयार होतं.

देवकी म्हणाली, "माका खबर आसलें."

ठाऊक होतं म्हणजे काय ठाऊक होतं, हे कुणाला समजलं नाही. म्हातारी सावकाश, प्रत्येक शब्द वेगळा ठेवत बोलली. "तो पिवचो ना, हें माका खबर आसलें. माजो चलो. पेजेशिवाय पाच दीस तोंडांत कांय घेनासलो."

"मग?" कमलाक्षीचा आवाज चिरकला. "मग सगळ्यांदेखत मला बोललात ते? त्याचा वेत गोठ्यात खोचलात तो?"

"पिलो म्हणटकच कारण मेळ्ळें." देवकी तिच्याकडे नाही, तसबिरीकडे बघत होती. "ना जाल्यार देवीन ताका कित्याक व्हेलो? तिचें व्रत करतालो, तिचो हार गळ्यांत. ताकाच कित्याक? चुकलो म्हणून व्हेलो, हें म्हटल्यार तिच्या फुडें दिवो लावंक येतालो माका." लेकाची चूक होती, एवढ्यावरच तिचं देवीपुढे दिवा लावणं टिकलं होतं. ती इनासकडे वळली. "तुवें फट सांगली, ती हांवें हातांनी धरली, बाबा. आतां तुवें तीय व्हेली."

बाहेर कुणाच्या तरी मोबाइलवर हॅपी ईस्टरचं गाणं वाजलं आणि बंद झालं. देवकीने खुर्चीच्या दांड्यांवरचे हात उचलले, पुन्हा ठेवले. "श्रीनाथ," ती म्हणाली, "माजी खुर्ची वळय." त्याला कळेना, कुठे वळवू. "तिच्याकडे पाठ कर." श्रीनाथने बायकोकडे बघितलं, धोंडांकडे बघितलं. मग वाकून खुर्ची उचलून फिरवली. चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी देवीकडे पाठ करून दाराच्या कोऱ्या उजेडाकडे तोंड करून बसली. धोंडांपैकी म्हातारा पुटपुटला, "असें करूं नये, काकी." तिने ऐकलं नाही.

कमलाक्षीला जे हवं होतं त्याहून जास्त मिळालं होतं. माफी मागितली असती तर सासू सुटली असती. ही सुटली नव्हती. हिचा शेवटचा आधार आपण उपटून बाहेर ठेवला, आणि तो कुणाच्या हाताने, तर ज्याने तो रोवला त्याच्याच. आनंद झाला. तो नाकारण्यात अर्थ नव्हता. चांगला ऊन ऊन आनंद, छातीपासून बोटांपर्यंत गेलेला. जयराम असता तर त्याने उठून आईची खुर्ची परत वळवली असती, हेही तिला त्याच वेळी दिसलं. किती सहज वळवली असती. तिने पाऊल उचललं नाही. "तुका बरें दिसलें मगो, कमल?" देवकीने न बघता विचारलं. "होय," कमलाक्षी म्हणाली. खोटं बोलणारी माणसं त्या घरात आधीच पुष्कळ होऊन गेली होती.

चहा आला तो कुणी घेतला नाही. कमलाक्षीने श्रीनाथकडे वेत मागितला. त्याने गोठ्याच्या आढ्यातून काढून, जाळी पुसून, दोन्ही हातांनी दिला. गोंड्यांचे रंग उडून सगळे एकाच मातकट रंगाचे झाले होते. ती बाहेर पडली. इनास रस्त्यापर्यंत मागे आला, हातात हेल्मेट घेऊन. कुठून तरी, खूप लांबून, घंटा वाजत होत्या, त्याने मान तिकडे केली आणि म्हणाला, "मीस जालें." नऊ वाजून गेले होते. सतरावा ईस्टरही गेला.

"माफ केलें, बाये?"

उन्हात त्याच्या हनुवटीवरचं रक्त वाळून काळं झालं होतं. या माणसाने जयरामचं डोकं मांडीवर घेतलं होतं. यानेच नंतर त्याच तोंडाला दारूचा वास लावला. दोन्ही हात एकाच माणसाचे, आणि यातला कुठला धरायचा हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. देवकीला निदान एक खोटं तरी सापडलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. वाद घातला नाही. हेल्मेट डोक्यावर चढवायला लागला, पट्टा लागेना. कमलाक्षी ते बघत उभी राहिली. तो आता जाईल आणि मग उद्या कचेरी उघडेल, दाखले, शिक्के, आणि सोळा वर्षं कानात बोलणारा आवाजही नसेल. जयराम त्याच्या मांडीवर काय बोलला हे सांगणारं दुसरं कुणी या जगात नसेल.

"पुढच्या वर्षी या," ती म्हणाली. "इथंच. आठ वाजता."

इनास थांबला. "परत?"

"परत सांगायचं. सगळं. हारापर्यंत." मग तिने विचारलं, "कधी येतो पुढच्या वर्षी तुमचा ईस्टर?"

त्याने थोडा विचार केला. "पुनवेचेर आसता तो. फुडल्या वर्सा बेगीन. शिगम्याची पुनव जाली काय, उपरांतचो आयतार."

"बरं."

"उरलों जाल्यार येतां, बाये," इनास म्हणाला.

कमलाक्षीने वेत स्कूटरला आडवा बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली आणि त्याच्याकडे वळून म्हणाली, "उरा."